मोठे बोर आणि लहान फणस

‘नामाबद्दल विशेष माहिती सांगणाऱ्या शब्दाला विशेषण म्हणतात.’ प्राथमिक शाळेतून पुढे गेलेल्या बहुतेक मुलांना ही व्याख्या पाठ असते. ‘हिरवे रान’, ‘उंच डोंगर’, ‘चार आंबे’ अशा जोड्या दिल्या की त्यांतल्या विशेषणाखाली रेघ मारणेही त्यांना जमते. त्याचे गुण मिळतात आणि धडा संपतो. पण याच मुलांच्या हातात विज्ञानाच्या तासाला एखादे पान देऊन ‘याचे वर्णन लिहा’ म्हटले, तर ‘पान हिरवे आहे, पान छान आहे’ यापलीकडे गाडी सहसा सरकत नाही. विशेषण ओळखता येते, पण वापरता येत नाही. असे का होत असावे?

याचे एक कारण आम्हाला असे दिसते. व्याकरणाच्या तासाला विशेषण हा शब्दाचा एक प्रकार म्हणून शिकवला जातो. ते विचाराचे एक काम आहे हे मात्र सांगायचे राहून जाते. बहुतेक विशेषणांच्या पोटात एक तुलना दडलेली असते. ती तुलना कशाशी आहे, कोणत्या गुणाबाबत आहे आणि ती कशी तपासायची, हे तीन प्रश्न मुलांना विचारता आले की विशेषण जिवंत होते. शिवाय हेच तीन प्रश्न विज्ञानातल्या मापनाचे मूळ आहेत. म्हणून हा विषय एकट्या भाषाशिक्षकांचा नाही, विज्ञान शिकवणाऱ्यांचाही आहे.

नाम आधी, विशेषण मागून

मूल बोलू लागते तेव्हा त्याच्या सुरुवातीच्या शब्दांत माणसांची आणि वस्तूंची नावे पुष्कळ असतात. विशेषणे थोडी असतात आणि ती उशिरा येतात. यामागचे कारण समजण्यासारखे आहे. ‘वाटी’ हा शब्द शिकताना मुलाला समोरची अख्खी वस्तू घ्यायची असते. ‘तांबडी’ हा शब्द शिकताना मात्र वाटी बाजूला ठेवून तिचा एकच गुण वेगळा काढावा लागतो. ती वाटी गोल आहे, लहान आहे, रिकामी आहे, गुळगुळीत आहे आणि तांबडीही आहे. मोठे माणूस ‘तांबडी’ म्हणते तेव्हा ते यांतल्या नेमक्या कशाबद्दल बोलते आहे हे मुलाने कसे ओळखावे?

समजा, आपण एक मोठा लाल चेंडू आणि एक लहान निळा चेंडू दाखवून ‘हा लाल, हा निळा’ असे सांगितले. ज्याला रंगांची नावे येत नाहीत असे मूल ‘लाल म्हणजे मोठा’ असेही समजू शकेल आणि त्यात त्याचे काही चुकले असे म्हणता येणार नाही. दोन्ही चेंडू सारख्याच आकाराचे असते, तर मात्र फरक करायला रंगाखेरीज काही उरले नसते. त्यानंतर लाल मिरची, लाल फीत, लाल पेन्सिल आणि जास्वंदीचे लाल फूल दाखवावे. आता वस्तू बदलत जातात, पण ‘लाल’ तसाच राहतो. आधी एकाच गुणात वेगळ्या असलेल्या दोन वस्तू आणि मग एकाच गुणात सारख्या असलेल्या अनेक वस्तू, असा हा क्रम आहे.

विज्ञान शिकवणाऱ्यांच्या हे लगेच लक्षात येईल. बियांच्या अंकुरणाला पाणी लागते का हे पाहताना दोन्ही कुंड्यांतली माती, बियाणे आणि ऊन सारखे ठेवून आपण फक्त पाणी बदलतो. चांगल्या प्रयोगाची जी अट, तीच विशेषण शिकवण्याच्या चांगल्या उदाहरणाची अट आहे. बालवाडीतल्या ताईंनी रंगांच्या वाट्या मांडताना ती पाळली, तर प्रयोगाची बैठक तिथेच तयार होऊ लागते.

लपलेली मोजपट्टी

आता वरच्या वर्गातल्या मुलांना हा प्रश्न घालून पाहा: ‘मोठे बोर आणि लहान फणस, यांत मोठे काय?’ मुले हसतील आणि ‘फणस’ म्हणतील. मग लगेच विचारा, ‘जे मोठे आहे त्याला लहान का म्हटले, आणि जे लहान आहे त्याला मोठे का म्हटले?’ इथे मुले थांबतात. थोड्या चर्चेनंतर कोणीतरी सांगते की बोर इतर बोरांपेक्षा मोठे आहे आणि फणस इतर फणसांपेक्षा लहान आहे.

म्हणजे ‘मोठे’ हा शब्द बोरापुढे एक मोजपट्टी वापरतो आणि फणसापुढे दुसरी. ही मोजपट्टी वाक्यात कुठेच लिहिलेली नसते. ती बोलणाऱ्याच्या आणि ऐकणाऱ्याच्या मनात असते. ज्याने आयुष्यात एकच फणस पाहिला आहे, त्याला ‘लहान फणस’ या शब्दांचा अर्थ पुरता कळणार नाही. अमेरिकी भाषाशास्त्रज्ञ एडवर्ड सपीर यांनी १९४४ साली प्रसिद्ध झालेल्या एका निबंधात हाच मुद्दा मांडला होता. मोठे-लहान, पुष्कळ-थोडे अशा शब्दांच्या तळाशी नेहमी तुलना असते, आपण तिचा उच्चार करत नाही एवढेच.

ही तुलना उघडी करण्यासाठी मराठीत एक फार चांगला शब्द आहे, तो म्हणजे ‘पेक्षा’. मुलांच्या प्रत्येक विशेषणानंतर ‘कशापेक्षा?’ एवढाच प्रश्न आठवडाभर विचारत राहा. ‘रस्ता लांब आहे.’ कशापेक्षा? ‘आज उकडते आहे.’ कधीपेक्षा? संस्कृतातून आलेल्या लघु, लघुतर, लघुतम या मालिकेत ‘तर’ आणि ‘तम’ हे प्रत्यय आहेत; त्यांतला ‘तम’ मुलांना लसावि-मसाविमुळे माहीत असतो. या दोन प्रत्ययांपासूनच ‘तारतम्य’ हा शब्द तयार झाला आहे. कमी-अधिक ओळखण्याच्या शक्तीला आपली भाषा तारतम्य म्हणते, हे मुलांना जरूर सांगावे.

मोजपट्टीबरोबर दिशाही ठरवावी लागते. ‘मोठा’ म्हणजे उंचीने, रुंदीने की आकारमानाने? मायकेल मॅरॅटसॉस या मानसशास्त्रज्ञाने १९७३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात एक मजेदार गोष्ट दिसली. दोन आकृत्यांतली मोठी कोणती असे विचारल्यावर तीन वर्षांची मुले एकूण आकार पाहून ठीक उत्तर देत. पण चार-पाच वर्षांची अनेक मुले जी उंच तिलाच मोठी म्हणत. वय वाढले तसे उत्तर बिघडले! वाढत्या वयाबरोबर मुलांचे लक्ष उंचीकडे वेधले गेले होते आणि काही काळ ‘मोठा’चा अर्थ तेवढ्यापुरता आकसला होता. रुंद भांड्यातले पाणी उंच, अरुंद पेल्यात ओतले की ‘पाणी वाढले’ म्हणणारी मुले ज्याँ पियाजे यांच्या प्रयोगांमुळे शिक्षकांना परिचित आहेत. तिथेही मूल अनेक दिशांपैकी एकच दिशा धरून बसलेले असते. अशा वेळी ‘चूक’ म्हणण्याऐवजी ‘तू कोणती बाजू पाहिलीस?’ असे विचारणे उपयोगी पडते.

विरुद्ध अर्थाची कसोटी

पाठ्यपुस्तकांत विरुद्धार्थी शब्दांच्या याद्या असतात आणि मुले त्या पाढ्यांसारख्या म्हणतात. पण विशेषणाचा विरुद्ध अर्थ त्याच्या पुढच्या नामावर ठरतो. ‘कच्चा’ हा एकच शब्द घेऊ. कच्च्या आंब्याच्या उलट पिकलेला आंबा, कच्च्या भाजीच्या उलट शिजलेली भाजी, कच्च्या रस्त्याच्या उलट पक्का रस्ता आणि गणितात कच्चा असलेल्या मुलाच्या उलट गणितात चांगला असलेला मुलगा. ‘पातळ’ कागदाच्या उलट जाड कागद, पण पातळ पिठल्याच्या उलट घट्ट पिठले. आणि ‘घट्ट’ सदऱ्याच्या उलट सैल सदरा!

म्हणून फळ्यावर ‘कच्चा × पक्का’ असे लिहिण्याऐवजी ‘कच्चा’ लिहून खाली दहा नामे लिहावीत आणि प्रत्येकासमोर उलट शब्द मुलांनी भरावा. एका शब्दात किती अर्थ दडले आहेत हे त्यांना आपोआप दिसेल.

विज्ञानात या कसोटीचा मोठा उपयोग होतो. ‘जड’ हा शब्द पाहा. ‘लोखंड लाकडापेक्षा जड असते’ हे वाक्य सर्वांना पटते. पण सागाचा ओंडका खिळ्यापेक्षा कितीतरी जड असतो, तरी तो पाण्यावर तरंगतो आणि खिळा बुडतो. मग जड काय? इथे ‘जड’ या एकाच शब्दाखाली दोन वेगळे गुण आले आहेत. एक वस्तूचे वजन आणि दुसरा पदार्थाची घनता. एक घन सेंटिमीटर लोखंडाचे वस्तुमान सुमारे ७.९ ग्रॅम, तेवढ्याच पाण्याचे १ ग्रॅम आणि वाळलेल्या सागाचे सुमारे ०.६५ ग्रॅम भरते. सातवी-आठवीच्या मुलांना घनता अवघड जाते, त्यात सूत्राचा दोष थोडा असतो. रोजच्या भाषेतला ‘जड’ मोडून त्याचे दोन शब्द केलेले नसतात, ही खरी अडचण असते.

होय-नाही की कमी-अधिक?

सगळीच विशेषणे तुलना करत नाहीत. १४ ही सम संख्या आहे. ती १२ पेक्षा अधिक सम नाही. ‘चौकोनी’, ‘निर्जीव’, ‘अविवाहित’ हे शब्दही असेच आहेत. त्यांचे उत्तर होय किंवा नाही असते. ‘अधिक’, ‘फार’, ‘जरा’ हे शब्द विशेषणाआधी लावून पाहिले की कोणते विशेषण कोणत्या जातीचे ते चटकन कळते. ‘जरा गोड’ चालते, ‘जरा विषम संख्या’ चालत नाही.

हा खेळ खेळताना एक महत्त्वाची गोष्ट पुढे येते. विज्ञानाच्या पुस्तकात पुष्कळ विशेषणे होय-नाही जातीची असल्यासारखी छापलेली असतात. निसर्गात मात्र ती कमी-अधिक असतात. सुवाहक-दुर्वाहक, पारदर्शक-अपारदर्शक, विद्राव्य-अविद्राव्य या जोड्या पाहा. सामान्य तापमानाला १०० ग्रॅम पाण्यात साखर सुमारे २०० ग्रॅम विरघळते आणि मीठ सुमारे ३६ ग्रॅम. चुनखडीला आपण अविद्राव्य म्हणतो, पण तीही शुद्ध पाण्यात एक-दोन मिलिग्रॅम विरघळतेच. हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेतलेल्या पाण्यात ती याहून बरीच अधिक विरघळते. काही विहिरींचे पाणी तापवून तापवून भांड्याच्या आत जो पांढरा थर साठतो, तो असाच आलेला असतो. ‘अविद्राव्य’ या शब्दाचा अर्थ ‘आपल्या कामापुरता न विरघळणारा’ असा आहे, हे वरच्या वर्गातल्या मुलांना सांगायला हरकत नाही.

हात काय सांगतो, तराजू काय सांगतो

विशेषण वस्तूचा गुण सांगते असे आपण म्हणतो. पण काही वेळा ते वस्तूबरोबर आपलीही माहिती सांगत असते. इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉक यांनी १६९० सालच्या आपल्या ग्रंथात याची नोंद केली होती: एकच पाणी एका हाताला थंड आणि दुसऱ्या हाताला गरम वाटू शकते. वर्गात तीन पातेली घ्या. एकात हाताला सोसेल असे ऊन पाणी, दुसऱ्यात माठातले गार पाणी आणि मधल्यात कोमट पाणी. एका मुलाने एक हात उन्हात आणि दुसरा गारात मिनिटभर ठेवावा आणि मग दोन्ही हात एकदम मधल्या पातेल्यात घालावेत. ‘पाणी कसे आहे?’ असे विचारल्यावर त्याची जी अवस्था होते ती बाकीच्यांनी पाहण्यासारखी असते. पाणी एकच आहे. दोन हातांच्या तुलना मात्र वेगळ्या आहेत.

दुसरा प्रयोग वजनाचा. एक लहान डबा आणि एक मोठा डबा घ्या. दोन्हींत वाळू भरून तराजूवर त्यांची वजने अगदी सारखी करा. झाकणे लावून मुलांना एकेक डबा उचलायला सांगा. लहान डबा अधिक जड आहे असे बहुतेक जण सांगतात. ऑगुस्तँ शार्पांत्ये या फ्रेंच वैद्याने १८९१ साली या भ्रमाचे पद्धतशीर वर्णन केले. गंमत अशी की दोन्ही डबे तराजूवर समतोल राहतात हे डोळ्यांनी पाहिल्यावरही हाताला लहान डबाच जड लागतो. या दोन प्रयोगांनंतर ‘तापमापी कशाला? तराजू कशाला?’ हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. तापमापीला आधी गार पाण्यात बुडवले काय किंवा उन्हात, थोड्या वेळाने ती तेच तापमान दाखवते.

‘लांब’पासून ‘लांबी’पर्यंत

मराठीने मापनाची एक सोय फार सुंदर करून ठेवली आहे. लांब, रुंद, उंच, खोल, जाड या विशेषणांना ‘ई’ लावा: लांबी, रुंदी, उंची, खोली, जाडी. विशेषणाचे नाम झाले आणि त्याबरोबर ते मोजता येण्याजोगी राशी झाले. आता आखूड, अरुंद, बुटका, उथळ, पातळ या उलट शब्दांकडे पाहा. त्यांची अशी मापाची नावे नाहीत. ओढा कितीही उथळ असला तरी आपण त्याची ‘खोली’ सांगतो आणि कागद कितीही पातळ असला तरी त्याची ‘जाडी’च मोजतो. प्रश्नातही तसेच होते. ‘विहीर किती खोल आहे?’ या प्रश्नात विहीर खोल आहे असे गृहीत नसते. ‘विहीर किती उथळ आहे?’ असे विचारले, तर ती उथळ आहे हे आधीच ठरलेले असते. ही शब्दांची जोडी मुलांनी स्वतः शोधून काढावी. त्यानंतर शंभर पानांची, म्हणजे दोनशे पृष्ठांची, एखादी वही दाबून तिची जाडी मोजावी आणि शंभराने भागावी. साधारण एक दशांश मिलिमीटर येईल. ‘पातळ’ या शब्दाला आकडा मिळाला.

पण विशेषणापासून आकड्यापर्यंत एका उडीत जाता येत नाही. मधे एक पायरी असते, ती क्रमाची. जर्मन खनिजशास्त्रज्ञ फ्रीडरिश मोस यांनी १८१२ साली खनिजांच्या कठीणपणाची दहा पायऱ्यांची श्रेणी तयार केली. नियम साधा: जे दुसऱ्यावर ओरखडा काढते ते अधिक कठीण. शंखजिरे १, जिप्सम २, कॅल्साइट ३, क्वार्ट्झ ७, हिरा १०. आपले नख सुमारे अडीचच्या जागी बसते. म्हणून जिप्समवर नखाने ओरखडा निघतो आणि कॅल्साइटवर निघत नाही. सह्याद्रीच्या काळ्या खडकाच्या पोकळ्यांत कॅल्साइट आणि क्वार्ट्झचे स्फटिक पुष्कळ ठिकाणी सापडतात. दोन्ही पांढरे, चमकदार. ते जमवून मुलांना खिळ्याने ओरखडा काढून पाहू द्यावा. मोस यांचे आकडे केवळ क्रम सांगतात, हेही सांगावे. ८ आणि ९ मधले अंतर आणि ९ आणि १० मधले अंतर सारखे नाही. हिरा त्याच्या खालच्या कुरुंदापेक्षा कित्येक पटींनी कठीण असतो.

अशा कसोट्या आपल्या स्वयंपाकघरांत फार पूर्वीपासून आहेत. भेंडी कोवळी की जून हे तिचे टोक मोडून ठरवतात; कट्‌कन मोडले तर कोवळी. साखरेचा पाक दोन बोटांत धरून एकतारी की दोनतारी हे पाहतात. पाण्याचा अंश जसजसा उडून जातो तसतसा पाक दाट होतो आणि त्याचा उत्कलनबिंदू वाढतो. तार मोजून आपण त्याची दाटीच पाहत असतो. ‘एकतारी’ हे विशेषण आहे आणि मापही आहे. मुलांनी घरी आई-आजीला अशा कसोट्या विचारून त्यांची यादी करून आणावी.

या सगळ्याचा जीवनमरणाशी संबंध येतो तो पावसाच्या बातम्यांत. ‘जोरदार पाऊस’ हे विशेषण कोणाचे? महाबळेश्वरात वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि माणदेशात सहाशेपेक्षाही कमी. एका दिवसात ६५ मिलिमीटर पडला, तर महाबळेश्वरच्या जुलैत कोणी त्याचे कौतुक करणार नाही. माणदेशात तो वर्षाच्या पावसाच्या दहाव्या हिश्श्याहून अधिक असेल. म्हणून भारतीय हवामान विभागाने विशेषणांना सीमा घातल्या आहेत. २४ तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर म्हणजे मराठी बातम्यांतला मुसळधार, ११५.६ ते २०४.४ म्हणजे अतिमुसळधार आणि त्याहून अधिक म्हणजे अत्यंत मुसळधार. जुलै २००५ मध्ये २६ तारखेच्या प्रलयंकारी पावसात मुंबईत सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटरची नोंद झाली. सर्वांत वरच्या विशेषणाची सीमाही साडेचार पटींहून अधिक मागे पडली होती. अशा वेळी विशेषणासोबत आकडा लागतोच. शाळेच्या आवारात सरळ बाजूंचे, सपाट तळाचे भांडे आणि पट्टी वापरून मुलांनी पाऊस मोजला, तर बातमीतला शब्द आणि आपल्या अंगणातला पाऊस यांची सांगड त्यांना घालता येईल.

मुलांजवळचे शब्द

विशेषणे कमी पडतात म्हणून नवे शब्द पाठ करून घेण्याची गरज नसते. मुलांजवळ ते असतात. जांभळा, गुलाबी, नारिंगी, डाळिंबी, पोपटी, मोरपंखी, अबोली, आमसुली: आपले कितीतरी रंग फळाफुलांवरून आणि पाखरांवरून आले आहेत. घरी वेगळी बोली किंवा वेगळी भाषा बोलणाऱ्या मुलांजवळ असे आणखी शब्द असतात. त्यांनाही फळ्यावर जागा मिळावी. दुसऱ्या टोकाला नायजेरियातील इग्बो भाषा आहे. तिच्यात खऱ्या अर्थाने विशेषण म्हणावे असे शब्द जेमतेम आठ आहेत: मोठा-लहान, नवा-जुना, चांगला-वाईट, काळा-पांढरा. बाकीचे गुण ती भाषा नामे आणि क्रियापदे वापरून सांगते. त्यामुळे तिच्या बोलणाऱ्यांचे काही अडत नाही.

मराठीची खुबी वेगळी आहे. आपली आकारान्त विशेषणे नामाप्रमाणे बदलतात: काळा घोडा, काळी गाय, काळे मांजर. ‘लाल’, ‘उंच’, ‘सुंदर’ मात्र जसेच्या तसे राहतात. आणि ‘ला’ लावताच काळ्या घोड्याला, काळ्या गाईला, काळ्या मांजराला असे सगळे सारखे होते. हा नियम आधी सांगू नये. वीस उदाहरणे फळ्यावर लिहून ‘काय बदलले, काय बदलले नाही?’ एवढेच विचारावे. व्याकरणाचा नियमही निरीक्षणातून शोधता येतो, हा अनुभव मुलांना महत्त्वाचा असतो. घरी मराठी न बोलणाऱ्या मुलांना इथे अधिक वेळ लागतो. नामाचे लिंग त्यांना ऐकून माहीत नसते. त्याला अक्कल कमी असणे समजू नये.

या सर्वांना एकत्र आणणारा एक खेळ सुचवतो. आंबा, वड, पिंपळ, कडुलिंब, पेरू अशी दहा झाडांची दहा पाने टेबलावर मांडा. एका गटाने एक पान मनात धरून त्याचे लेखी वर्णन करायचे, झाडाचे नाव न घेता. दुसऱ्या गटाने वर्णन वाचून पान ओळखायचे. ‘छान’, ‘हिरवे’ हे शब्द इथे उपयोगाचे नाहीत हे पहिल्याच फेरीत कळते. टोकदार, खरखरीत, दातेरी, लांबट, चिवट असे शब्द आपोआप बाहेर येतात. पुढच्या आठवड्यात दहाही पाने एकाच आंब्याची घ्या. आता विशेषणे संपतात आणि कोणीतरी पट्टी मागते. त्या क्षणी मापनाचा धडा सुरू करावा.

माणसांना लावलेली विशेषणे

शेवटी एका अवघड जागेकडे वळू. हुशार, मठ्ठ, चुणचुणीत, आळशी, वांड, ‘ढ’. शाळेत सर्वांत जास्त वापरली जाणारी विशेषणे पानांना लावलेली नसतात, मुलांना लावलेली असतात. आपण वर पाहिलेले तीन प्रश्न इथे कोणी विचारत नाही. ‘कच्चा’ म्हणजे कोणाच्या तुलनेत? कोणत्या गोष्टीत? कशावरून ठरवले, आणि कधी? सहामाही परीक्षेतला एक आकडा कमी-अधिक जातीचा असतो. त्यावरून दिलेले ‘ढ’ हे विशेषण मात्र होय-नाही जातीचे होऊन बसते आणि वर्षानुवर्षे मुलाच्या नावाला चिकटते.

स्तुतीच्या विशेषणांनाही ही अडचण लागू पडते. क्लॉडिया म्युलर आणि कॅरल ड्वेक यांनी १९९८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत साधारण पाचवीच्या वयाच्या मुलांना काही कोडी सोडवायला दिली. नंतर काहींना ‘तू हुशार आहेस’ असे म्हटले आणि काहींना ‘तू मेहनत घेतलीस’ असे म्हटले. पुढची कोडी अवघड निघाल्यावर ‘हुशार’ म्हटलेल्या मुलांचा उत्साह अधिक लवकर मावळला आणि त्यानंतरच्या सोप्या कोड्यांतही ती मागे पडली. असा परिणाम किती मोठा आणि कोणत्या परिस्थितीत होतो याबद्दल संशोधकांत पुढे बराच वाद झाला आहे. पण त्यातली साधी गोष्ट कोणत्याही वर्गात तपासता येते. ‘तू हुशार आहेस’ या वाक्याने मुलाला पुढे काय करायचे ते कळत नाही. ‘या वेळी तू प्रत्येक पायरी लिहिलीस, म्हणून उत्तर बरोबर आले’ या वाक्याने ते कळते.

आपण मुलांना पावसाबद्दल, पानाबद्दल, दगडाबद्दल बोलताना ‘कशापेक्षा?’ आणि ‘कशावरून?’ असे विचारायला शिकवले, तर ती हे प्रश्न लोकांबद्दलही विचारू लागतील. ‘ती माणसे घाणेरडी’, ‘ते लोक आळशी’, ‘काळी आहे पण दिसायला बरी’ अशी वाक्ये त्यांच्या कानांवर रोज पडतात. त्यांतल्या मोजपट्ट्या कोणाच्या आहेत, हे विचारणारी मुले वर्गात असली तर शिक्षकांना कधी कधी अडचणीत टाकतील. मग प्रगतिपुस्तकावर शेरा लिहिताना आपल्यालाही थोडे थांबून त्याच प्रश्नांची उत्तरे द्यावी लागतील. पुढच्या वेळी ‘गणितात कच्चा’ असे लिहिण्याऐवजी ‘हातच्याची वजाबाकी चुकते, बाकी बरोबर’ असे लिहून पाहा. तो शेरा वाचून मुलालाही, पालकांनाही आणि पुढच्या वर्गाच्या बाईंनाही काय करायचे ते समजेल.